सल्ला हवा: लपतछपत खेळायच्या टू-डी गेममध्ये शत्रू किती आणि कसे ठेवावेत?

खंदकवाला
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून संध्याकाळी एक छोटा गेम करतोय. वरून दिसणारा, टू-डी. खेळाडू म्हणजे जासूद. रात्री खलिता घेऊन शत्रूच्या किल्ल्यातून निसटायचं. लढाई जवळजवळ नाहीच. गोडो ४ (गेम बनवायचं इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअर) वापरतोय. नकाशा झाला, जासुदाची चाल झाली, घोडं अडलंय पहारेकऱ्यांपाशी.

कागदावर आठ प्रकार काढलेत: गस्तवाला, बुरुजावरचा, मशालवाला, बंदूकवाला, घोडेस्वार, कुत्रा, पेंगणारा आणि हवालदार. त्यातले गस्तवाला, मशालवाला, बंदूकवाला आत्ता चालतात. मी दिसलो की तिघंही सरळ अंगावर येतात, मी भिंतीआड गेलो की त्याच क्षणी सगळं विसरून माघारी फिरतात. भाचीला खेळायला दिलं. ती म्हणाली, "मामा, हे सगळे सारखेच आहेत, कपडे तेवढे वेगळे." तिचं म्हणणं मला पटलं.

तर, किती प्रकार ठेवू आणि त्यांचं वागणं कसं लिहू? बजेट तीन हजार रुपये, तेही चित्रांसाठी राखलेले. लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅमचा. नवं इंजिन, नवं मशीन कृपया सुचवू नका.

आरटीएक्सधारी
भाऊ, गोडो सोडा, अनरियल इंजिनवर या. बिहेवियर ट्री, म्हणजे शत्रूने कधी काय करायचं त्याचा फांद्याफांद्यांचा तक्ता, आयता मिळतो, चौकटी जोडत जायचं. मी दिवाळीत सव्वा लाखाचा लॅपटॉप घेतला, त्यावर शंभर शत्रू एकदम सोडले तरी पंखा आवाज करत नाही. ८ जीबीवर तुम्ही किती दिवस काढणार? हप्त्यांवर घ्या, एकदाच काय तो खर्च.

चहाबिस्किट
धागाकर्त्याने मशीन नको असं स्पष्ट लिहिलंय. माझा स्वतःचा गेम ४ जीबीवर झालाय.
प्रकार मात्र कमी करा. आठ फार होतात. तीन पुरे.

जुना_जॉयस्टिक
भाचीने नेमकं बोट ठेवलंय. १९८० चा पॅकमॅन काढून बघा. चार भुतं, आकार एकच, फरक रंगाचा. तरी चार वेगळे स्वभाव वाटतात, कारण प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं आहे. लाल भूत पॅकमॅन ज्या चौकोनात आहे तोच धरतं. गुलाबी त्याच्या तोंडासमोरचा चौथा चौकोन धरतं, म्हणून ते वाट अडवायला आल्यासारखं वाटतं. निळं पॅकमॅनच्या दोन चौकोन पुढचा बिंदू घेतं, लाल भुतापासून तिथपर्यंत रेघ ओढतं आणि ती तेवढीच पुढे वाढवतं, त्यामुळे लाल कुठे आहे यावर निळ्याची चाल ठरते. नारिंगी आठ चौकोनांपेक्षा लांब असेल तर पाठलाग करतं, जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे मधूनमधून सगळी भुतं पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यात जातात. पहिल्या लेव्हलला आधी सात सेकंद कोपरे, मग वीस सेकंद पाठलाग. खेळाडूला दम खायला मिळतो. तुमचे पहारेकरी पाठलाग सोडून देतात तेव्हा खेळाडूला ती उसंत वाटली पाहिजे. आत्ता ती चूक वाटत असणार.

कोकणकडा
आयजीआय हा लपतछपत घुसायचा जुना गेम आठवला! सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळायचो. मध्ये सेव्ह करायची सोय नाही, शेवटच्या क्षणी अलार्म वाजला की बराकीतून शिपाई येतच राहायचे आणि मिशन पहिल्यापासून. चिडचिड व्हायची, पण अलार्मच्या पेटीपाशी जाताना छाती धडधडायची. तुमच्याकडे नगारा ठेवा. ज्याने पाहिलं तो तुमच्यामागे न धावता नगाऱ्याकडे धावेल. खेळाडूला त्याला वाटेतच गाठावं लागेल.

कमांडोज (१९९८) पण बघा. शत्रूच्या नजरेचा हिरवा पंखा जमिनीवर दिसायचा. जवळच्या फिक्या हिरव्यात काहीही केलं तरी दिसायचात, लांबच्या गडद हिरव्यात सरपटत गेलात तर नाही.

आरटीएक्सधारी
आयजीआयचे शत्रू पाठीमागे उभं राहिलं तरी वळायचे नाहीत. त्याला काय एआय म्हणायचं!

कोकणकडा
तुम्ही शेवटची मिशनं खेळला नसाल.

गडप्रेमी
मूळ मुद्दा कोणी घेतलाच नाही. शत्रूचा किल्ला म्हणजे कोणाचा? आदिलशाही की मोगल? साल कोणतं? डोंगरी किल्ल्याच्या तटावर रात्री घोडेस्वार कुठून आला? आणि हवालदार हा गस्त घालणारा शिपाई नव्हे. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे कारभारी असत, त्यात हवालदार मुख्य. इतिहासावर काही करायचं तर आधी वाचा.

रानजाई
गडप्रेमी, गेम आहे हो, पीएचडी नाही.

गडप्रेमी
ताई, मुलं हेच खरं धरून चालतात. चुकीचं दाखवायचं तर किल्ला तरी काल्पनिक ठेवा.

आता बंदूकवाल्याबद्दल. त्या काळची बंदूक तोड्याची. पेटता तोडा (वात) हाताशी असल्याशिवाय बार उडत नाही. म्हणजे अंधारात बरकंदाज (बंदूकवाला शिपाई) कुठे उभा आहे ते त्या लाल ठिणगीवरून कळतं, आणि वारा आपल्याकडे असेल तर वासावरूनही. एक बार उडाला की पुन्हा दारू भरून, गोळी ठासून तयार व्हायला बराच वेळ जातो. पावसात तोडा विझतो, दारू भिजते. तुमचा बंदूकवाला बाकीच्यांसारखा धावत का येतो? त्याने जागा सोडायलाच नको.

जुना_जॉयस्टिक
गडप्रेमी, हे फार मोलाचं दिलंत. लांबून दिसणारी ठिणगी म्हणजे आयती सूचना, आणि बार उडाल्यानंतर धावायला मोकळीक. एका शत्रूचं सगळं वागणं यातून निघालं.

बग_बहाद्दर
मी गेम टेस्टिंगमध्ये आहे, हीच तक्रार रोज लिहितो. "दिसला" आणि "नाही दिसला" अशी दोनच बटणं असली की शत्रू मठ्ठ वाटतो. मध्ये संशय हवा. प्रत्येक पहारेकऱ्याला शून्य ते शंभर असा एक आकडा द्या. जासूद नजरेच्या पंख्यात असेल तोवर आकडा चढतो. जवळ असेल तर भरभर, लांब असेल तर सावकाश, अंधारात त्याहून सावकाश. नजरेआड झाला की उतरतो, पण चढला त्याच्या निम्म्या वेगाने.

तीसच्या वर गेला की पहारेकरी थांबतो आणि तिकडे मान वळवतो. साठच्या वर गेला की शेवटचं जिथे दिसलं तिथपर्यंत चालत येतो. खेळाडू आत्ता कुठे आहे तिकडे अजिबात नाही, शेवटचं जिथे दिसला तिथेच. हा फरक चुकला की भिंतीतून दिसतं अशी तक्रार येते. शंभर झाले की पाठलाग. हरवलं की आसपासचे दोन-तीन कोपरे धुंडाळायचे आणि मग गस्तीच्या सर्वांत जवळच्या टप्प्यावर परत. एकदम सुरुवातीच्या जागी पाठवू नका, फार खोटं दिसतं.

पहारेकऱ्यापासून जासुदापर्यंत नजरेची रेघ एकच टाकू नका. डोकं, छाती, पाय अशा तीन ठिकाणी टाका आणि दोन लागल्या तरच दिसला धरा. नाहीतर खांबाच्या कडेला टाच दिसली म्हणून पकडलं जातं आणि खेळाडू वैतागून गेम बंद करतो. हे सगळं गोडोत साध्या स्टेट मशीनमध्ये (गस्त, संशय, पाठलाग अशा ठरलेल्या अवस्था आणि त्यांतले बदल) बसतं, ट्री-बी काही लागत नाही.

चहाबिस्किट
+१. मी तेच म्हणत होतो, साधं ठेवा. आणि तीनच प्रकार.

रानजाई
मी शत्रूंच्या एआयवरचा ऑनलाइन कोर्स नऊ हजारांना घेतला होता. धडे गोडोच्या जुन्या आवृत्तीचे, अर्धी फंक्शनं बदललेली, विचारलं तर उत्तर नाही, पैसे परत नाहीत. बग_बहाद्दर यांनी फुकटात दिलं तेवढंही त्यात नव्हतं. वाचनखूण साठवली.

आरटीएक्सधारी
पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी (२०२०) बघा ना, आपल्याकडचे असुर किती छान केलेत. तो अनरियलवर आहे, तेच सांगतोय मी.

रानजाई
तो मारामारीचा आहे. इथे धागाकर्त्याला दिसायचंच नाहीये.

सातासमुद्रापार
इथे एका स्टुडिओत शत्रूंवरच काम करते, म्हणून थोडं. शत्रू हुशार असण्यापेक्षा त्याची हुशारी खेळाडूपर्यंत पोचणं अवघड. २००५ च्या फिअर या गोळीबाराच्या गेममधले शिपाई अजूनही नावाजले जातात. जेफ ऑर्किन यांनी त्यांच्यासाठी योजना आखणारी पद्धत वापरली होती हे खरं, पण खेळणाऱ्यांच्या लक्षात राहिलं ते त्यांचं एकमेकांना ओरडून सांगणं. मनात काय चाललंय ते शत्रू बोलून दाखवतो, म्हणून तो विचार करतो असं वाटतं. तुमच्याकडे हे फुकट होईल. मित्रांना बसवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. संशय आला की "कोण रे तिकडं?", शोधताना "आत्ता इथंच होता", काही सापडलं नाही की "मांजर असंल". हे शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं. ते ऐकलं की धोका टळला हे खेळाडूला कळतं, पहारेकऱ्याच्या डोक्यावर संशयाच्या आकड्याची पट्टी दाखवावी लागत नाही.

हॅलो या गेमच्या पहिल्या भागात (२००१) मोठा शत्रू, एलीट, पडला की त्याच्या हाताखालचे छोटे ग्रंट घाबरून पळतात. तुमच्या हवालदाराचं उलटं करा. तो जवळ असला की शिपाई ताठ, तो पुढे गेला की दोघं भिंतीला टेकून तंबाखू मळतात. एक माणूस वाढवला आणि बाकीच्यांचं वागणं बदललं.

कुत्रा मात्र काढा. वास, भुंकणं, वेगळी चाल, वेगळी चित्रं. एकट्याने करताना तोच महिने खाईल.

बग_बहाद्दर
कुत्रा काढा, सहमत. टेस्टिंगमध्ये कुत्रे दारात अडकतात म्हणजे अडकतातच. आणि डोक्यावरची संशयाची पट्टी ठेवा, नुसत्या आवाजावर भागत नाही. बसमध्ये आवाज बंद करून खेळणारे खूप असतात.

चहाबिस्किट
कुत्रा नकोच. गस्तवाला, बंदूकवाला, हवालदार. झाले तीन.

गडप्रेमी
तंबाखू त्या काळी कितपत होता ते तपासून घ्या.

रानजाई
सतराव्या शतकात दख्खनमध्ये तंबाखू पोचलेला होता हो.

गडप्रेमी
बरं. पण हवालदार असा रात्रभर फिरत नाही, माझा मुद्दा कायम आहे.

खंदकवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून संशयाचा आकडा घातला. शेवटचं दिसलेल्या जागेपर्यंत चालत येणं हा एवढा एकच बदल केला तरी तोच गस्तवाला जिवंत वाटायला लागला. "मांजर असंल" भावाच्या आवाजात घेतलंय. घोडेस्वार गेला, किल्ला काल्पनिक केला.

प्रकारांचं मात्र वेगळं ठरवलंय. दोनच ठेवतोय: गस्तवाला आणि कुत्रा. कुत्रा नको असं सगळ्यांनी सांगितलं ते वाचलं, पण बाकीचे सहाही शेवटी डोळ्यांनीच बघतात. भिंतीआड गेलं की सगळ्यांवर एकच उत्तर. कुत्र्यावर ते चालत नाही, खेळाडूला वारा आणि पाणी यांचा विचार करावा लागतो. करून बघितलं तर वास फार जड नाही. जासूद चालताना मागे दर अर्ध्या सेकंदाला एक अदृश्य ठिपका टाकतो, ठिपका वीस सेकंदांत विरतो, आणि कुत्रा जवळच्या ठिपक्यांतला सर्वांत ताजा धरतो. जासूद ज्या वाटेने गेला त्याच वाटेने कुत्रा येतो, त्यामुळे दारात अडकत नाही. टाक्यातून चालत गेलं की ठिपके पडत नाहीत. वाऱ्याचं अजून जमलेलं नाही.

बरकंदाजाची ठिणगी फार आवडली, ती पावसाच्या लेव्हलसाठी राखून ठेवलीय. पट्टी नको वाटते, बग_बहाद्दर यांचा आवाज बंद असण्याचा मुद्दा लक्षात घेऊन पहारेकरी मशाल उंच धरतो असं दाखवणार आहे. तीन हजारांतले बहुतेक कुत्र्याच्या चित्रांना जातील.

बग_बहाद्दर
मशाल उंच धरलेली लहान स्क्रीनवर दिसणार नाही. बिल्ड (चालवून बघता येईल अशी गेमची प्रत) पाठवा, फोनवर बघून सांगतो. आणि दोन कुत्रे एकाच ठिपक्यावर आले तर काय होतं ते आधी तपासा.

चहाबिस्किट
दोन कमी पडतील. तीन हवेत.

कोकणकडा
नगाऱ्याचं काय झालं?