बकाय कोंबडे: निवड बाराव्या आठवड्यात नको

बारा आठवड्यांचे बकाय (Buckeye, एक अमेरिकी कोंबडीची जात) कोंबडे छातीला सपाट दिसतात, पैदाशीतून काढून टाकावेत का, असा प्रश्न आहे. कृपया घाई करू नका. ही ब्रॉयलर, म्हणजे फक्त मांसासाठी झटपट वाढणारी, जात नाही. ओहायोतल्या वॉरन गावी नेटी मेटकाफ बाईंनी घडवलेली आणि 1904 साली मान्यता मिळालेली ही जात मांस आणि अंडी दोन्हींसाठी आहे, आणि ती आधी हाडाने वाढते, मग मांसाने.

आठव्या आठवड्यात फक्त वजन करून पायात कडी घाला आणि वाकडी बोटं, वाकडं छातीचं हाड असलेले बाजूला करा. खरी निवड सोळाव्या आठवड्यात, आणि ती हातानेच. पंखांमागे पाठीवर तळवा ठेवा: पाठ रुंद, सपाट आणि शेपटीकडे फार निमुळती न होणारी हवी. कवटी रुंद हवी. छातीचं हाड लांब आणि सरळ हवं. पूर्ण वाढलेला नर सुमारे 4 किलो, मादी 3 किलो भरते.

पाठीचं पीस उलटून बघायला विसरू नका. वर गडद तांबूस, आत पाटीसारखा करडा पट्टा, ही बकायची खूण. तुरा ठेंगणा, तीन ओळींचा. कडाक्याच्या थंडीत तो सहसा गोठत नाही. उभा एकेरी तुरा आला तर ते पिल्लू पैदाशीला ठेवू नका.

आणि खाद्य तपासा. लेयर फीडमधल्या (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यातल्या) जादा कॅल्शियमने वाढत्या पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात आणि वाढ खुंटते. सुरुवातीला 20 टक्के प्रथिनांचं स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं खाद्यच द्या.