फेस्टिनिऑगचा उतार आणि मोएल्विनचा बोगदा
वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेवर ब्लायनाऊ फेस्टिनिऑग गावातल्या पाटीच्या दगडाचे (स्लेटचे) वॅगन 1836 पासून इंजिनाविना थेट पोर्थमॅडॉगच्या बंदरापर्यंत घरंगळत जायचे, असं म्हटलं जातं. इंजिनाविना हे बरोबर, वाफेची इंजिनं 1863 मध्ये आली. 'थेट' मात्र सुरुवातीची सहा वर्षं लागू नाही. वाटेत मोएल्विन डोंगराची सोंड आडवी येत होती. तिथे भरलेले वॅगन दोरखंडाने चढणीवर ओढून पलीकडे उतरवावे लागत, आणि ती ओढ पाणचक्कीच्या जोरावर चाले. 1842 मध्ये सुमारे 670 मीटरचा बोगदा झाला आणि मगच सलग उतार मिळाला. या मार्गाच्या इतिहासातला माझ्या मते हाच खरा टप्पा, पण सगळी चर्चा इंजिनांभोवतीच फिरते.

उतार सरासरी 80 ला 1 च्या आसपास, म्हणजे 80 मीटर अंतरात 1 मीटर खाली. ब्रेक सगळ्या वॅगनना नसत, म्हणून ब्रेकवाले चालत्या गाडीत ठरावीक वॅगनवर बसून वेग सांभाळत. रूळ ओले असले की चाकं घसरतात, त्यामुळे वेग वाढायच्या आधीच ब्रेक लावावा लागतो. घोडे गाडीच्या शेवटच्या खास डब्यात उभे राहून खाली येत आणि रिकामे वॅगन वर ओढून नेत. बंदराच्या अलीकडे बॉस्टन लॉज हे ठिकाण आहे; त्यानंतरच्या सपाट बंधाऱ्यावर उतार संपतो, तिथेही घोडेच लागत. माल भरताना पाट्या आडव्या न रचता कडेवर उभ्या लावत, नाहीतर हिसक्यांनी खालच्या तडकतात. इंजिनं आल्यावरही भरलेल्या गाड्या 1939 पर्यंत अशाच उतरत राहिल्या.