मेक्सिकोत समुद्रकिनारी प्लॉट घेऊन घर बांधायचंय: बयाणा देण्याआधी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, आधीच माफी मागतो. पुढच्या शुक्रवारपर्यंत बयाणा द्यायचाय आणि झोप उडाली आहे.

मी मूळचा मालवण तालुक्यातला, देवबागच्या बाजूचा. बावीस वर्षं ह्यूस्टनला आहे, नागरिकत्व इथलं, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाचं) कार्ड खिशात. गावच्या वाटणीत माडबाग चुलत्यांकडे गेली. गेल्या वर्षी चुलतभाऊ ती विकायला निघाला तेव्हा म्हटलं, परक्याला कशाला, मीच घेतो. वकिलाने फोनवरच विषय संपवला. सातबाऱ्यावर बागायत, म्हणजे शेतजमीन. ओसीआयवाल्याला वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. ज्या माडावरून पडून माझा हात मोडला होता, त्या माडाच्या लेखी मी परदेशी! असो.

तर मग जिथे खरोखरच परदेशी आहोत तिथेच बघू, असा विचार केला. ह्यूस्टनहून मेक्सिकोतलं मेरिदा विमानाने दोन तासांवर. तिथून उत्तरेला चाळीस किलोमीटरच्या आत प्रोग्रेसो बंदर. समुद्र इतका उथळ की धक्का साडेसहा किलोमीटर आत नेलाय. त्याच्या पश्चिमेला चेलेम नावाचं कोळ्यांचं गाव. गाडीतून उतरल्या उतरल्या बायको म्हणाली, "अहो, हे तर तारकर्लीच." पांढरी वाळू, माड, ओढून ठेवलेल्या होड्या, जाळी विणत बसलेला म्हातारा. तिथेच आमची मती फिरली.

प्लॉट १५ मीटर रुंद आणि रस्त्यापासून समुद्राकडे ४० मीटर खोल. किंमत १,१०,००० डॉलर, बयाणा दहा हजार. विकणाऱ्याकडे जुनं खरेदीखत आहे, ज्याला तिथे एस्क्रितुरा म्हणतात. आता अडचण.

मेक्सिकोच्या १९१७ च्या घटनेतल्या २७ व्या कलमाप्रमाणे समुद्रापासून ५० किलोमीटर आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटर पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी मिळत नाही. बँकेकडे फिदेइकोमिसो, म्हणजे ट्रस्ट, करावा लागतो. म्हणजे खतावर नाव बँकेचं, आणि वापरायचा, विकायचा, वारसाला द्यायचा हक्क आपला. एवढं मी वाचलंय. पण एजंट म्हणतो, "कशाला बँकेची दरवर्षीची फी भरता? माझ्या मेव्हण्याच्या नावावर घेऊ, तो तुम्हाला कुलमुखत्यारपत्र देईल. इथे सगळे असंच करतात." अशा नाव देणाऱ्याला तिथे चक्क एक शब्दच आहे, प्रेस्तानोम्ब्रे.

दुसरं म्हणजे, रस्त्याच्या पलीकडे खाजणाच्या बाजूला त्याने आणखी एक तुकडा दाखवला. किंमत पाचवा हिस्सा. कागद मात्र एस्क्रितुरा नाही, "हक्क हस्तांतर" असं काहीतरी आहे. गड्यांसाठी खोली आणि गाडी ठेवायला होईल म्हणतो.

तिसरी गोष्ट मी अजून बायकोला सांगितलेली नाही. एजंट फोनवर बोलत होता तेव्हा सहज पावलं मोजली. ओल्या वाळूपासून रस्त्याच्या कुंपणापर्यंत ६० पावलं भरली. माझं पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे ४५ मीटर. प्लॉट ४० मीटरचा, म्हणजे बरोबरच आहे ना? पण शेजारच्या घराची समुद्राकडची पायरी हवेत लोंबत होती. खालची वाळू गेलेली. देवबागला हे चित्र लहानपणापासून बघत आलोय. वडील म्हणायचे, "दर्या काय सांगान येता?" तेव्हापासून मनात काहीतरी खुपतंय, पण नेमकं काय ते कळत नाही.

शिवाय पुण्याची बहीण पाव हिस्सा देते म्हणतेय, तिला तिथून पैसे पाठवता येतील का? आणि इथला सीए सांगतो की फिदेइकोमिसो म्हणजे परदेशी ट्रस्ट, दरवर्षी वेगळा फॉर्म, त्याची वेगळी फी. खरं का? बांधकामाचा अनुभव असेल तर तोही लिहा. मी आयुष्यात कुत्र्याचं घरसुद्धा बांधलेलं नाही.

– माडबागेतला

कोळंबीभात: मेव्हण्याच्या नावावर! आपल्याकडे शेठ लोक ड्रायव्हरच्या नावावर फ्लॅट घ्यायचे, तेच हे. मेव्हणा सज्जन असेल हो, पण उद्या त्याचा घटस्फोट झाला किंवा तो गेला, तर तुमचं घर त्याच्या बायकापोरांच्या भांडणात. कुलमुखत्यारपत्राचं म्हणाल तर देणारा गेला की ते कागद पुडी बांधायला.

सास्काब: माडबागेतला, बयाणा देऊ नका. निदान या शुक्रवारी तरी नाही. आम्ही २०१७ साली त्याच किनाऱ्यावर, प्रोग्रेसोच्या पूर्वेला चिक्शुलुबला बांधलं (हो, डायनासोर मारणाऱ्या अशनीचंच गाव). म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमची ६० पावलं, कारण सगळं तिथे आहे. भरतीच्या सर्वोच्च रेषेपासून आत २० मीटरचा पट्टा केंद्र सरकारचा असतो. त्याला सोफेमात म्हणतात. तो विकत मिळत नाही, वापरायला फक्त परवाना मिळतो आणि तोही मुदतीचा. तुमच्या खतातले ४० मीटर या पट्ट्याच्या मागे सुरू होतात. म्हणजे समुद्र ते कुंपण अंतर ६० मीटर हवं होतं. तुम्हाला ४५ मिळालं. त्यातून २० वजा करा, उरले २५. तुम्ही ६०० चौरस मीटरचे पैसे देताय आणि जमीन ३७५ आहे. आणि तुम्ही ओल्या वाळूपासून मोजलंत. भरतीची रेषा त्याच्याही आत असणार, म्हणजे तेवढीसुद्धा नाही.

खत खोटं नाही. ते लिहिलं तेव्हा समुद्र लांब होता. इथली वाळू किनाऱ्याला धरून पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते. साठच्या दशकात युकाल्पेतेनचं मासेमारी बंदर खोदलं, तोंडाला दगडी बांध घातले, आणि वाळू तिथे अडली. चेलेम त्याच्या लगेच पश्चिमेला, त्याच्या वाट्याची वाळू येईनाशी झाली. मग घरमालकांनी आपापल्या दारात लाकडाचे, पोत्यांचे आडवे बांध घातले. ज्याने घातला त्याच्याकडे चार मीटर वाळू वाढली, पश्चिमेच्या शेजाऱ्याची सहा मीटर गेली. लोंबणारी पायरी त्या शेजाऱ्याची असेल.

समुद्र आत आला की तो २० मीटरचा पट्टाही आत येतो, हे एजंट कधी सांगत नाहीत. नवीन मोजणी झाली की त्यात गेलेली जमीन खासगी राहत नाही. परवाना घेताना जुन्या मालकाला अग्रक्रम, एवढीच काय ती भरपाई. बँकेचा ट्रस्ट असो की मेव्हणा, याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

खाजणाकडच्या तुकड्याचं नाव काढू नका. हक्क हस्तांतर म्हणजे बहुतेक एहिदोची जमीन, गावकीची सामाईक. गोव्यातल्या कोमुनिदादीची आठवण होईल, पण इथला इतिहास क्रांतीनंतरच्या जमीनवाटपाचा आहे. १९९२ च्या घटनादुरुस्तीनंतर ती रीतसर खासगी करता येते. पण ते काम पूर्ण होऊन एस्क्रितुरा निघेपर्यंत परदेशी माणसाला ती घेताच येत नाही, बँकसुद्धा ट्रस्टमध्ये धरत नाही. पाचवा हिस्सा किंमत उगाच नाही.

फिदेइकोमिसोला घाबरू नका. मुदत ५० वर्षं, पुढे वाढवता येते. वार्षिक फी आम्हाला पाच-सहाशे डॉलर पडते. मागचा वारस कागदातच नोंदवता येतो, त्यामुळे तिथल्या कोर्टात वारस दाखल्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत. परराष्ट्र खात्याच्या परवान्यात एक मजेशीर अट असते: या जमिनीपुरतं तुम्ही मेक्सिकन असल्यासारखे वागाल आणि आपल्या देशाच्या सरकारकडे दाद मागायला जाणार नाही, गेलात तर हक्क गमावला. नवऱ्याने सही करताना विचारलं होतं, "दाद मागायला भारताकडे जायचं नाही की अमेरिकेकडे?" नोटरीला विनोद कळला नाही.

नोटरीवरून आठवलं. तो अमेरिकेतला बँकेच्या काउंटरवरचा शिक्केवाला नव्हे. इथला नोटारिओ म्हणजे राज्य सरकारने नेमलेला ज्येष्ठ वकील. आपला दुय्यम निबंधक आणि वकील एकाच खुर्चीत बसवले तर जे होईल ते. बोजा नसल्याचा दाखला, घरपट्टीची थकबाकी, मागची खतं तो तपासतो. पण टेप घेऊन वाळूत जात नाही. आणि तो कोणत्याच बाजूचा नसतो, त्यामुळे स्वतःचा वकील वेगळा करा. विकणारा म्हणेल, खतावर किंमत कमी दाखवू. अजिबात नको. उद्या विकताना तो फरक तुमचा नफा धरला जाईल आणि त्यावर कर तुम्ही भराल.

पुणेरी चष्मा: ताईंनी एवढं लिहिल्यावर मी फक्त बहिणीपुरतं सांगतो. भारतात राहणाऱ्याला एलआरएसखाली (बाहेर पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात आणि त्यात परदेशी घर-जमीन बसते. वर्षाला १० लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात नोंद करायलाच हवी. विसरलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दंड १० लाखांचा आहे. आणि पाव हिस्सा द्यायचा तर तिचं नाव ट्रस्टच्या कागदात पाव हिश्श्याने घाला. भावाबहिणीत नुसतं तोंडी नको. (हा सल्ला कायद्याचा नाही, अनुभवाचा आहे.)

माडबागेतला: सास्काब ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि मग बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पावलं मोजलीत तेव्हाच का नाही बोललात?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. बांधकामाचं मात्र राहिलं.

सास्काब: बांधकामावर लिहायचं मुद्दाम ठेवलं होतं, आधी जमीन तर असू दे!

सीएला २०१३ सालचा आयआरएसचा (अमेरिकेच्या कर खात्याचा) २०१३-१४ क्रमांकाचा निर्णय दाखवा. असा फिदेइकोमिसो कराच्या दृष्टीने ट्रस्ट धरत नाहीत असं त्यात आहे, ते फॉर्म लागत नाहीत.

घर बांधायचं ते सिमेंटच्या ब्लॉकचं. छत म्हणजे तयार तुळया, त्यांच्यामध्ये पोकळ ब्लॉक बसवायचे आणि वरून काँक्रीट. खरा शत्रू वादळ नाही, खारी हवा. वादळ कधीतरी येतं (१९८८ चं गिल्बर्ट, २००२ चं इसिडोर इथले लोक अजून काढतात), हवा रोज येते. काँक्रीटमध्ये किनाऱ्याची वाळू एक पाटीसुद्धा पडू देऊ नका, आणि सळईला ५ सेंटिमीटर कव्हर आहे का ते ओतायच्या आधी स्वतः बघा. आमच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या मुकादमाने "पितळी" म्हणून आणल्या. आठव्या महिन्यात मी खिडकी ढकलली तर बिजागरीचा हिरवट भुगा हातात आणि खिडकी खाली. बाहेरून चुकुमचा गिलावा केला. चुकुम झाडाची साल उकळून तो अर्क चुन्यात घालतात, आपल्याकडे गूळ आणि हिरडा घालायचे तसा. पाणी छान झटकतो, रंग द्यावा लागत नाही.

मजुरांची सामाजिक विमा खात्यात नोंदणी ठेकेदाराने केली नाही तर ते बालंट मालकावर येतं. पावत्या स्वतःच्या कर क्रमांकावर, अधिकृत फाक्तुराच घ्या. नाहीतर विकताना बांधकामाचा खर्च वजा होत नाही. आणि पूर्ण झाल्यावर घराची नोंद खतात करून घ्या, आमच्या शेजाऱ्याकडे कागदावर अजून रिकामा प्लॉटच आहे.

३ मेला काम चालू असेल तर सुट्टी आणि जेवण द्यायचं, तो गवंड्यांचा सण. आमच्या मुकादमाने सगळ्यात उंच खांबावर क्रेप कागदाची फुलं लावलेला लाकडी क्रूस बांधला होता. मी स्लॅबच्या दिवसाच्या सवयीने खाली नारळ फोडला. कोणाला काही वावगं वाटलं नाही, उलट एकाने खोबरं मागून घेतलं.

माडबागेतला: आज एजंटला फोन केला. म्हटलं, भरतीच्या रेषेपासून सरकारी मोजणी झालेला नकाशा दाखवा, बयाणा त्यानंतर. पहिल्यांदा म्हणाला तशी गरज नसते. मग म्हणाला, दुसरं एक गिऱ्हाईक तयार आहे. मग पंधरा मिनिटांनी त्याचाच फोन, किंमत ८५ हजार करू!

पंचवीस हजार डॉलर पंधरा मिनिटांत उतरले, म्हणजे नकाशात काय निघणार हे त्याला माहीत असावं. शुक्रवार सोडून दिला. बायकोचा हट्ट अजून आहे, त्यामुळे आता चिक्शुलुबच्या बाजूला, रस्त्याच्या आतल्या रांगेत बघतोय. नोव्हेंबरात जाणार, उत्तरेचे वारे सुरू झाल्यावर, म्हणजे समुद्र कुठवर येतो ते डोळ्यांनी दिसेल. सास्काब ताई, तिकडे मोजणी करणारा विश्वासातला माणूस असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. टेप मी घरून आणतो, ५० मीटरची घेतलीय.