खिडकीसमोरच्या भिंतीला केशरी नको

जळगावच्या नव्या घरात, पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत गडद केशरी आणि शेजारी मोठ्या फुलांचा वॉलपेपर, असा बेत तुम्ही लिहिलाय. केशरी मलाही फार आवडतो, पण त्या भिंतीवर नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि दुपारी चारनंतरचं तिरपं ऊन मुळातच पिवळं-तांबूस असतं. केशरी त्यात आणखी भडकतो. तिथे चुन्यासारखा पांढरा किंवा फिका हिरवट द्या, डोळे निवतात.

केशरी टाकूनही देऊ नका. खोलीत साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के जोडीचा आणि दहा टक्के उठावाचा, हा ६०-३०-१० चा ठोकताळा आहे ना, त्यातल्या दहा टक्क्यांत तो छान बसेल: उशांचे अभ्रे, एखादा कोनाडा, दाराचा पडदा. अजिंठ्याला जाऊन या एकदा. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना अशा मोजक्याच रंगांवर तिथली बरीचशी चित्रं उभी आहेत. एकाच मातीतले रंग भांडत नाहीत.

नक्षीचं म्हणाल तर आजीची गोधडी आठवा. ठिगळं दहा तऱ्हेची, पण धावदोरा सगळीकडून सारखा फिरतो म्हणून ती एकसंध दिसते. फुलं मोठी असतील तर पडद्याला बारीक रेघ घ्या आणि सोफा साधाच ठेवा.

रंग ठरवण्याआधी भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवून सकाळी, दुपारी चार वाजता आणि ट्यूबलाइटखाली बघा. तीन वेगळे रंग दिसतील.