साताऱ्यातलं जुनं घर: पणजोबांच्या आधी मालक कोण?

शनिवारपेठकरीण:
नमस्कार मंडळी. साताऱ्यात शनिवार पेठेत आमचं जुनं घर आहे. मातीच्या भिंती, सागवानी तुळया, मागे आड. ऐंशी ओलांडलेली आत्या म्हणते, घर पणजोबांनी सावकाराकडून घेतलं. मोठे काका म्हणतात, छे, त्याच्याही आधीपासून आपलंच. मिळकत पत्रिका काढली तर पहिलं नाव पणजोबांच्या थोरल्या भावाचं, पुढे 'ए. कु. मॅ.'. ट्रंकेत एक मोडी कागद आहे, त्यातलं 'शके 1841' एवढंच मला लागलं. घर विकायचं नाहीये. आत्या आहे तोवर तिला खरं काय ते सांगायचंय. सुरुवात कुठून करू?

जुना मोजणीदार:
ताई, ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव थोरल्याचं लागलं, म्हणून घर त्यांच्या एकट्याचं ठरत नाही. नगर भूमापन कार्यालयात चौकशी नोंदवहीची नक्कल मागा. सर्व्हेच्या वेळी हक्क कुणी सांगितला, कोणत्या कागदावर, हे तिथं सापडतं. पत्रिकेवरच्या फेरफारांच्या नकलाही काढा. पालिकेचा घरपट्टी उतारा मालकीचा पुरावा नव्हे, पण घरात कोण राहत होतं ते कळतं.

मोडीप्रेमी:
शके 1841 म्हणजे 1919-20. कागद लॅमिनेट अजिबात करू नका, घड्या हळू उलगडून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मग जाणकाराला एकच गोष्ट आधी विचारा: हे कायम खरेदीखत आहे की मुदत खरेदी? त्या काळी कर्जासाठी घर सावकाराला मुदतीनं 'विकायचे'; मुदतीत पैसे फेडले की घर परत. तसं असेल तर आत्या आणि काका, दोघांचंही बरोबर! घर मूळचं तुमचंच, आणि सावकाराकडून सोडवलेलंही. लिहून देणार कोण आणि घेणार कोण, तेवढं नीट वाचून घ्या.

कृष्णाकाठ:
आम्ही सांगलीचे, गावभागातले. 2019 च्या पुरात आमचे कागद गेले. मग शेजाऱ्यांची जुनी खरेदीखतं मागितली. त्यांच्या चतुःसीमेत 'पूर्वेस अमुक यांचे घर' असं आमच्या आधीच्या मालकाचं नाव निघालं. तुम्हीही शेजारी विचारून बघा. शिवाय सांगली 1948 पर्यंत संस्थानात होती, त्यामुळे तिथली जुनी दप्तरं वेगळी. सातारा 1848 सालीच खालसा झालं, तुमची नोंदणी इंग्रजी अमलातली.

शनिवारपेठकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुदत खरेदीचं ऐकून आत्या एकदम म्हणाली, "आजीच्या पाटल्या घर सोडवायला गेल्या होत्या." हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं! कागदाच्या मागे नोंदणीचा शेराही आहे, पण नंबर पुसट झालाय. दुय्यम निबंधकांकडे शोधाचा अर्ज मी करू शकते का, की वकीलच लागतो?

जुना मोजणीदार:
तुम्हीच करा. स्थावराच्या नोंदींची सूची कुणालाही पाहता येते. शुल्क वर्षागणिक लागतं, म्हणून आधी 1919 आणि 1920 एवढीच दोन वर्षं मागा. नाव मात्र दोघांचं द्या, पणजोबांचं आणि थोरल्यांचं. पाटल्या मोडून घर सोडवलं असेल तर परतीचा कागद पुढच्या वर्षांत निघेल, तो दुसऱ्या अर्जात शोधा.