जुनी 800 : क्लचच्या कामानंतर तेल गळतंय, तीन सुटे भागही सापडलेत. मदत हवी आहे

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. गाडी मारुती 800, 2005 ची, पेट्रोल. मुक्काम परभणी. वडिलांनी नवी घेतलेली, आजवर बाहेरच्या कुणाच्या हातात गेलेली नाही आणि विकायचीही नाही, त्यामुळं "भंगारात काढा" हा सल्ला कृपया नको.

उन्हाळ्याच्या तोंडावर क्लच प्लेट गेली, ती गावातल्याच एका गॅरेजात बदलून घेतली. गाडी आता छान ओढते, गिअरही मऊ पडतात. पण तेव्हापासून खाली तेल गळायलंय. रात्रभर उभी राहिली की सकाळी फरशीवर तळहाताएवढा डाग दिसतो. इंजिन ऑईलची पट्टी काढून बघतो तर लेव्हल जिथल्या तिथं! चेंबरचा (इंजिनखाली तेल साठतं त्या भांड्याचा) बोल्ट कोरडा आहे, त्याच्या आजूबाजूचं मात्र सगळं ओलं आणि धुळीनं माखलेलं. उगम कुठं आहे तेच कळंना.

डाग बघायला खाली शिरलो तेव्हा इंजिनखालच्या पत्र्यावर तीन वस्तू मिळाल्या. 10 नंबर पान्याचा एक छोटा बोल्ट, वायसरसकट. काळ्या प्लास्टिकची दातेरी क्लिप. आणि तिसरी फारच विचित्र : अगदी बारीक तारेची स्प्रिंग, दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून गोल केलेली, दहाच्या नाण्यापेक्षा जराशी मोठी. गॅरेजात नेऊन दाखवली तर "जुन्या गाडीतून असं पडतच असतं" म्हणून परत दिली. मला ते पटलेलं नाही.

अजून एक. कूलंटची बाटली हळूहळू उतरते, पण खाली पाण्याचा थेंब नाही. शेजारचे काका म्हणतात रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाक, आपोआप बंद होतं. टाकू का? पुढच्या महिन्यात आई-बाबांना तुळजापूरला न्यायचंय, वाटेत गाडी उभी राहायला नको.

प्रतिसाद

भाऊ, आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. ब्रेक ऑईलची बाटली बघा आणि चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवा. तिथं ओल असली किंवा बाटली उतरलेली असली तर गाडी जागची हलवू नका. ब्रेक ऑईल पातळ असतं, बोटाला बुळबुळीत लागतं आणि रंगावर सांडलं तर रंग फुगवतं. तुमच्या वर्णनावरून ते नसावं, पण खात्री करूनच पुढं जा.

आता ती स्प्रिंग. जपून ठेवा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तीच आहे. ती ऑईल सीलची आहे, म्हणजे तेल बाहेर येऊ नये म्हणून शाफ्टभोवती बसवतात त्या रबरी कडीची. सीलच्या रबरी ओठामागं एक खाच असते, त्यात ही बसते आणि ओठ शाफ्टवर दाबून धरते. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यासाठी ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकाला फिरवणारा दांडा, बाहेर ओढतात. त्या वेळी सील बदललं असेल आणि नवं सील तिरकं ठोकलं, किंवा ओठाला तेल न लावता शाफ्ट कोरडाच आत ढकलला, की स्प्रिंग खाचेतून उडते. बहुतेक वेळा ती आत पडते. तुमची बाहेर पडली हे बरं झालं, नाहीतर गिअरच्या दातांत गेली असती.

पट्टीचं कोडंही इथंच सुटतं. या गाडीत गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, इंजिनची पट्टी त्याचं काहीच सांगत नाही. तुमचं गिअर ऑईल जातंय. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या आणि वास बघा. गिअर ऑईलला गंधकाचा उग्र वास येतो, सडक्या लसणासारखा. इंजिन ऑईलला तसा येत नाही.

तरीही डोळ्यांनी बघितल्याशिवाय खर्च करू नका. डिझेल आणि ब्रश घेऊन खालचा भाग लख्ख धुवा, पुसून वाळू द्या आणि संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर मारा. एक छोटी फेरी मारून आलात की पावडर जिथं सगळ्यात वर भिजलेली दिसेल तो उगम. तेल खाली ओघळतं, चालत्या गाडीत वारा त्याला मागं नेतो, म्हणून डागाच्या बरोबर वर शोधणारा माणूस नेहमी फसतो. हेड कव्हरचं पॅकिंगही त्याच वेळी बघून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात इतक्या वर्षांत ते रबर कडक होऊन जातं.

क्लिप चाकाच्या आतल्या प्लास्टिक कव्हरची असणार, तिची चिंता नको. बोल्टचं मात्र बघा. क्लच हाउसिंगच्या खालचा पत्रा 10 नंबरनं बसवलेला असतो, तिथं एखादं भोक रिकामं आहे का? आटे स्वच्छ दिसले तर बोल्ट नुकताच तिथून निघालाय.

हळद अजिबात नको. काकांचा उपाय जुना आहे, रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरापर्यंत आणतोही, पण तोच लगदा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि मे महिन्यात गाडी तापायला लागते. आधी सांगा, रेडिएटरमध्ये पाणी कुठलं टाकता?

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. ब्रेक ऑईल बरोबर आहे, चाकं कोरडी आहेत. पावडर मारून बघितली : गिअरबॉक्समधून ड्राइव्ह शाफ्ट निघतो तिथंच, एका बाजूला, गोल कडेनं भिजली. वासही तुम्ही म्हणता तसाच, डोकं उठवणारा. हाउसिंगच्या पत्र्यावर एक भोक रिकामं निघालं, बोल्ट हातानंच आत गेला, मग पान्यानं आवळला.

पाणी बोअरचंच टाकतो. आमच्याकडं दुसरं कुठलं असतं?

प्रतिसाद

मग कूलंटचं कारणही तिथूनच शोधायला लागा. बोअरचं जड पाणी उकळलं की पांढरा थर धरतो, तुमच्या घरातल्या गिझरला धरतो तोच. गळती बारीक असली तर थेंब गरम इंजिनवरच वाळतो आणि खाली काहीच दिसत नाही, फक्त पांढरी किंवा हिरवट रेघ उरते. ती रेघ होजच्या क्लॅम्पपाशी आणि वॉटर पंपाखाली शोधा. पंपाला एक छोटं छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून पाझरतं. रेघ तिथं दिसली तर पंपच बदलावा लागेल. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही बघा, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडा. सगळं झालं की जुनं पाणी काढून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा.

सील दोन्ही बाजूंची नवी घ्या. बसवताना ओठाला गिअर ऑईल लावायला सांगा आणि स्वतः शेजारी उभे राहा. तेल भरताना बाजूचा बोल्ट उघडून भोकातून ओघळेपर्यंत भरायचं, गाडी सपाट जागी हवी. जॅकवर तिरकी असताना भरलेलं तेल मोजमापात धरू नका. तुळजापूरच्या आधी जिंतूरपर्यंत एक फेरी करून या आणि रात्री खाली पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी त्याचा फोटो इथं टाका.