लाकूड कुजताना लिग्निनचं नेमकं काय होतं?

ओंडकेवाला:
घरामागे दोन ओंडके दोन-तीन पावसाळे पडून होते, काल उलटून बघितले तर एक पांढरट पडलाय आणि ओढला की दोरे निघतात, दुसरा मात्र तपकिरी, चौकोनी भेगा पडलेला, बोटांनी चुरला की सरळ भुकटी. दोन्हीकडे बुरशीच ना? मग एवढा फरक कसा? आणि लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू एकमेकांना चिकटवून कडक ठेवणारा पदार्थ, कशानेच तुटत नाही म्हणतात ते खरंय का?

बुरशीप्रेमी:
बुरशीच, पण दोघींची खायची तऱ्हा वेगळी. पांढरा ओंडका म्हणजे व्हाइट रॉट (पांढरी कुज) करणारी बुरशी, ती लिग्निन फोडते, तुझे दोरे म्हणजे मागे उरलेलं सेल्युलोज, लाकडाचा तंतूमय भाग. तपकिरी ओंडक्यातल्या ब्राऊन रॉटला फक्त सेल्युलोज आणि त्याच्या जोडीचं हेमिसेल्युलोज हवं असतं, लिग्निनची थोडी मोडतोड करून ती ते तसंच टाकून देते, म्हणून तो रंग.

तुटत नाही असं नाही, पण चिवट आहे खरं. सेल्युलोज म्हणजे एकाच प्रकारच्या मण्यांची सरळ माळ, पाण्याच्या मदतीने एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) ती कापत सुटतं. लिग्निनला असा क्रमच नाही, तीन प्रकारची अल्कोहोलं रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेले, लगेच चिकटणारे रेणू) होऊन जमेल तशी चिकटलेली, निम्म्याच्या आसपास जोड बीटा-ओ-४ ईथरचे, म्हणजे मध्ये ऑक्सिजन असलेले, आणि बरेचसे कार्बन-कार्बन, ते तर महाचिवट. मग बुरशी काय करते, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोरावर लिग्निनमधल्या कार्बनच्या रिंगमधून एक इलेक्ट्रॉन ओढून घेते, पुढे ते आपलं आपणच फाटतं. हे करणारं एन्झाइम, लिग्निन पेरॉक्सिडेज, १९८३ मध्ये सापडलं.

केमिस्ट्रीवाला:
वरचं बरोबर, पण एक राहिलं. चांगल्या लाकडाच्या पेशीभिंतीत एन्झाइम मावतच नाही एवढं मोठं असतं! म्हणून मँगनीज पेरॉक्सिडेज हे दुसरं एन्झाइम स्वतः बाहेर राहून मँगनीज-३ (तीन धनभार असलेलं मँगनीज) तयार करतं, ते ऑक्सॅलेट या छोट्या रेणूला धरून आत झिरपतं. ब्राऊन रॉटचंही तसंच, लोह आणि पेरॉक्साइडमधून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे आपली फेंटन रिअॅक्शन. या सगळ्याला ऑक्सिजन लागतो, त्यामुळेच गाळात रुतलेलं लाकूड शेकडो वर्षं टिकतं.

ओंडकेवाला:
भारी! मग कागद कारखान्यात बुरशीशिवाय कसं काढतात?

केमिस्ट्रीवाला:
क्राफ्ट पद्धत. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये लाकडाचे तुकडे साधारण १७० अंशांना शिजवायचे, बुरशीला महिने लागतात ते काही तासांत होतं. ईथर जोड तुटले की लिग्निनचे फिनॉल गट (रिंगला चिकटलेले ओएच) मोकळे होतात आणि अल्कलीत विरघळतात, ते काळं पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात. वर्तमानपत्राचा कागद बहुतेक नुसता दळलेल्या लाकडाचा, लिग्निन आतच, म्हणून उन्हात ठेवला की पिवळा पडतो.

ओंडकेवाला:
तपकिरी भुकटी कुंडीत टाकली तर चालेल?

बुरशीप्रेमी:
टाक की, मातीत मिसळून पाणी धरून ठेवेल. फक्त लवकर खत होईल अशी आशा धरू नकोस, उरलंय ते बहुतेक लिग्निनच.